शाल आण्णांसाठी नव्हती

आण्णांनी मान वाकवली.

स्टेजवर नाव पुकारलं आणि समोर शाल-नारळाचं ताट दिसलं, की आमच्याकडे माणूस हेच करतो. हात जोडतो, खांदे जरा पुढे घेतो आणि मान खाली करतो. शाल घालणाऱ्याला सोपं जावं म्हणून. आण्णांनी हे आयुष्यभर दुसऱ्यांचं पाहिलेलं. त्यांच्या स्वतःवर ही वेळ पहिल्यांदाच आली होती. त्यांनी डोळेसुद्धा मिटले.

ताट माझ्या हातात होतं. आण्णा माझे वडील. प्रमुख पाहुण्यांनी ताटातली शाल उचलली, उलगडली आणि आण्णांच्या वाकलेल्या मानेवरून पलीकडे नेली. पलीकडे आमच्या कंपनीतले सर उभे होते. शाल सरांच्या खांद्यावर पडली.

मागून कुणीतरी खुदकन हसलं. मग पुढच्या खुर्च्या हसल्या. निवेदन करणाऱ्या बाई माईकमध्येच म्हणाल्या, "काका, तुम्ही नाही हो! तुम्ही फक्त हात दाखवा."

आण्णांनी डोळे उघडले. शाल कुठे गेली ते पाहिलं. मग उजवा हात वर केला. त्या हाताला अंगठ्याशेजारचं बोट नाही आणि मधलंही नाही. नगरच्या त्या एसी हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. आण्णा हात वर धरून उभे. खाली कधी घ्यायचा, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी ताट धरून उभी होते. ताटात आता नुसता नारळ होता.

सत्कार कशाचा होता, ते सांगते. नोकरी-धंद्यातली माणसं जिथे एकमेकांशी जोडली जातात, त्या साइटवर सरांना 'तज्ज्ञ आवाज' असा बिल्ला मिळाला होता. नावापुढे सोनेरी खूण. विषय, कारखान्यातली सुरक्षा. ती साइट काय करते, तर त्या-त्या धंद्यातल्या लोकांना प्रश्न पाठवते. प्रेसवर काम करताना अपघात कसे टाळाल? नव्या कामगाराला काय शिकवाल? तुम्ही उत्तरं लिहायची, लोक अंगठे देतात, आणि पुरेसे अंगठे पडले की साइट तुम्हाला तज्ज्ञ ठरवते. आमच्या एमआयडीसीतल्या दुसऱ्या कुणाला तो बिल्ला मिळाल्याचं ऐकलं नव्हतं. म्हणून उद्योजक मंडळींनी हॉल घेतला, फ्लेक्स लावला, जेवण ठेवलं.

ती सगळी उत्तरं मी लिहिली होती. एकूण एक.

मी सरांच्याच कंपनीत सेफ्टी ऑफिसर. सर प्लांट हेड. कामाला लागले तेव्हा मी माझ्या नावाने त्या साइटवर एक लेख टाकला होता. मशीन बंद न करता आत हात घालायची सवय कशी लागते, यावर. त्याखाली एकाने लिहिलं, "मॅडम, कुठून कॉपी केलंत?" दुसऱ्याने माझं आडनाव वाचून लिहिलं, "आता सेफ्टीतपण कोटा का?" त्यावर हसऱ्या तोंडांची रांग. मी तो लेख काढून टाकला आणि कंपनीच्या बाथरूममध्ये जाऊन रडले.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, "बेटा, लिहितेस फार छान. पण तुझ्या नावाने कोण वाचणार? माझ्या नावाने टाकू. विषय तरी पोचेल. तुझं नाव पुढे मी करतोच."

बेटा म्हणाले. आमच्या घरातलं पहिलंच माणूस केबिनमध्ये खुर्चीवर बसून चहा पीत होतं. मला ते खरं वाटलं. का नाही वाटणार?

आणि ते आमच्या घरी जेवले होते. ज्यांना हे लागू नाही, त्यांना यात काय एवढं असं वाटेल. आम्ही कर्जत तालुक्यातले. बुद्धविहाराच्या मागच्या बाजूला आमचं घर. गावातली भली माणसं आमच्या दारापर्यंत येतात, गोड बोलतात, आणि पाण्याचा तांब्या पुढे केला की म्हणतात, आत्ताच चहा झाला. सर तिकडच्या एका लग्नाला आले होते, तिथून वाट वाकडी करून घरी आले. मांडी घालून बसले. आईची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं कालवण, सगळं मागून खाल्लं. आईने ते आख्ख्या वस्तीत सांगितलं. ज्या ताटात ते जेवले ते ताट तिने वेगळं काढून ठेवलं. मी तिला रागावले, पण मनातून मलाही बरं वाटलं होतं.

जेवण झाल्यावर सर आण्णांना म्हणाले, "आण्णा, हात जरा उजेडात धरता का?" आणि मोबाईलवर फोटो काढला.

आण्णा तरुणपणी नगरला एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर होते. प्रेस म्हणजे पत्रा कापणारं, दाबणारं मशीन. त्याच्या तोंडाशी एक जाळी असते. गार्ड म्हणतात तिला. ती असली की हात आत जात नाही. पण ती असली की कामही हळू होतं. एका पाळीला सुपरवायझर म्हणाला, "गार्ड काढ. माल निघंना." आण्णा म्हणाले, "सायेब, बोट जाईल." तो म्हणाला, "मग घरी जा. भाईर लाईन लागलीय." आण्णांनी गार्ड काढला. बोटं गेली. त्यानंतर त्या वर्कशॉपला ते नको झाले, आणि आण्णा गावी परत आले. मी हे ऐकत मोठी झाले. सेफ्टीचा डिप्लोमा मी त्या हातामुळेच केला.

बिल्ला मिळाल्यावर सर म्हणाले, "सत्काराला काहीतरी हृदयाला भिडणारं हवं. तुझ्या वडिलांचं लिही." मी लिहिलं. जसं घडलं तसं. 'गार्ड काढ' हे वाक्य जसंच्या तसं. आजवर दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरं लिहिली, हे पहिल्यांदा आमचं होतं. सरांना पाठवलं. ते म्हणाले, "अप्रतिम. आत्ता टाकायला नको, कार्यक्रमातच वाचू. आणि आण्णांना स्टेजवर बोलवू." त्यांनी स्वतः आण्णांना फोन केला.

आण्णांनी वस्तीत सांगितलं की नगरला स्टेजवर बोलावलंय. आईने पांढरा सदरा निळीत काढला, तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. आण्णा सकाळच्या एसटीने आले. मला हॉलच्या दाराशीच एका माणसाने ताट दिलं. "सर म्हणाले, तुम्ही धरा. लेडीज असली की शोभा येते."

मग निवेदक बाईंनी लेख वाचायला घेतला. सुरुवात माझीच होती. शब्द माझे, थांबे माझे. मी ओठांतल्या ओठांत पुढचं वाक्य म्हणत होते. आणि ते वाक्य आलंच नाही. त्या वाचत होत्या, "अशिक्षितपणा आणि क्षणभराचा निष्काळजीपणा. लवकर घरी जाण्याच्या घाईत या कामगाराने सुरक्षेची जाळी स्वतःच्या हाताने काढून ठेवली. त्याची किंमत त्याला आयुष्यभर मोजावी लागली. त्या हाताने मला शिकवलं, की सुरक्षा मशीनमध्ये नसते, माणसाच्या मानसिकतेत असते."

सुपरवायझर नव्हताच. आण्णांचं नाव नव्हतं. होता तो 'एक कामगार'.

मी सरांकडे पाहिलं. ते खाली मान घालून, भारावल्यासारखं ऐकत होते. आण्णा पहिल्या रांगेच्या कडेला बसलेले. त्यांना ती छापील मराठी किती कळली, मला माहीत नाही. 'स्वतःच्या हाताने' एवढं नक्की कळलं. त्यांनी तो हात मांडीखाली घेतला. आणि तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तो हात आज आपल्यात आहे. या काका, स्टेजवर या."

ते गेले. मान वाकवली. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

जेवायला आम्ही थांबलो नाही. रिक्षाने माळीवाड्याच्या स्टँडवर आलो. कर्जतची गाडी लागायला वेळ होता. स्टँडसमोर कापडाच्या दुकानाबाहेर शाली टांगल्या होत्या, तशाच, सोनेरी काठाच्या. आण्णा त्यांच्यापुढे उभे राहिले. एका शालीला हात लावला.

"पोरी, येखादी घ्यावी काय?"

"कशाला?"

"गावात इचारतील. सांगून आलोय ना मी."

मला जे वाटलं, त्याला दुःख नाही म्हणणार मी. दुःख मला ओळखीचं आहे. हा संताप होता आणि तो पहिल्यांदा इतका स्वच्छ होता. ज्या माणसाची बोटं घेतली, त्याच्यावरच बोटांचा दोष घातला. स्टेजवर चढवून त्याचा हात लोकांना दाखवला, आणि आता तोच माणूस स्वतःचा अपमान झाकायला स्वतःसाठी शाल विकत घेऊ पाहत होता. आणि ज्या शब्दांनी हे केलं, ते शब्द मी चहा पीत पीत पुरवले होते.

"न्हाई घ्यायची," मी म्हणाले.

आण्णांनी शाल सोडली. मग हळू म्हणाले, "गार्ड मी न्हाई काढला पोरी. म्हंजी काढला, पर त्यानं सांगितलं म्हणून. तुला तरी ठावं हाय ना?"

स्वतःच्या मुलीपुढे साक्ष द्यायची पाळी आणली त्यांच्यावर.

"ठावं हाय आण्णा. मी तसंच लिहिलं हुतं. त्यांनी बदललं. आता माझ्या नावानं लिहू का?"

ते म्हणाले, "लिही. पर हात माझा हाय, तर नाव बी माझं घाल."

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. शाल खुर्चीच्या पाठीवर टाकलेली. चहा आधीच आला होता. "बेटा, काल काय झालं, माहितीय? लोक रडले. आता कृतज्ञतेवर एक सुंदर पोस्ट लिही. आण्णांचा स्टेजवरचा फोटो टाकू. आणि तुमच्या घरी जेवलो, तो फोटोही आहे. साधेपणावर थोडं."

म्हणजे जेवतानाचाही फोटो काढला होता. सरांच्या ड्रायव्हरने, दारातून. आईची भाकरी, आईचं वेगळं काढून ठेवलेलं ताट, सगळं यांच्या साठ्यात जमा होतं. या माणसाने आमच्या घरात घासभर अन्नसुद्धा नुसतं खाल्लं नव्हतं.

मी विचारलं, "सर, ते वाक्य का बदललं?"

"कुठलं? ते होय? अगं, समोर मालक लोक बसलेले. पुढच्या रांगेत आपले ग्राहक. आणि नाव कुठे घातलं मी आण्णांचं? किती काळजी घेतली बघ."

"मी न्हाई लिहिणार."

ऑफिसात मी कधी घरच्यासारखं बोलत नाही. त्या दिवशी तेच आलं, आणि मी ते सुधारलं नाही.

सर हसले. "चिडलीस? काकांचं स्टेजवर जरा गमतीशीर झालं, मान्य आहे. पण तुला काय वाटतं, तू लिहिलंस तर कोण वाचेल? तुझं नाव कुणाला माहितीय?"

मी चहा तसाच ठेवला. उठले. बाहेर येऊन मशीन शॉपमध्ये गेले, प्रेसच्या रांगेपाशी, आणि एकेका मशीनचा गार्ड हलवून पाहिला. ते माझं काम आहे. मग जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या बाकावर बसून मोबाईलवर लिहिलं. आण्णांचं पूर्ण नाव घातलं. गावाचं घातलं. सुपरवायझरचं वाक्य घातलं. काल स्टेजवर काय वाचलं गेलं तेही घातलं, आणि सरांची आजवरची उत्तरं कुणी लिहिली तेही. खाली माझं नाव, आडनावासकट. या कागदावर मी ते लिहीत नाही, कारण इथे ज्याने-त्याने हे आपल्याच बापाचं म्हणून वाचावं. तिथे आहे. ज्याला आडनाव बघायचंय त्याने तिथे बघावं.

फारसं कुणी वाचलं नाही. आमच्या मेंटेनन्सवाल्याने अंगठा दिला आणि दुपारी परत काढून घेतला. एकाने लिहिलं, "खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत." कुणी कुणाच्या घरी खाल्लं, हे त्याला कसं माहीत असणार? संध्याकाळी एचआरमधून फोन आला. कंपनीची बदनामी, लेख काढा, नाहीतर खुलासा द्या. सरांचा बिल्ला अजून आहे. सोनेरी खूण तशीच चमकते. ती माझ्या शब्दांची आहे, पण मला ती परत नकोय.

आई म्हणते, नोकरी जाईल. जाईल कदाचित. आण्णा काही म्हणत नाहीत. गावात लोकांनी शालीचं विचारलंच. आण्णांनी सांगितलं, शाल मला नव्हती, सायबाला हुती, मला हात दाखवायला नेलं हुतं. असं सरळ सांगितलं त्यांनी, पारावर, सगळ्यांसमोर.

मी तो लेख काढलेला नाही. खुलासा दिला आहे. त्यात एकच ओळ आहे, तीच इथेही लिहिते. गार्ड माझ्या वडिलांनी सुपरवायझरच्या हुकमावरून काढला. वाचणारा कुणी असो वा नसो, हे मी माझ्या नावाने पुन्हा लिहिणार, आणि यापुढे माझा एकही शब्द दुसऱ्याच्या नावाखाली जाणार नाही.