भाऊबिजेच्या ताटातली बाटली

ही गोष्ट मी सहा वर्षं कोणाला सांगितलेली नाही, कारण तिच्यातलं गाढव मी आहे.

मुलुंडच्या आमच्या भाऊजींनी (ताईच्या यजमानांनी) नवी गाडी घेतली आणि जुनी प्रेमाने मला दिली. दुसऱ्याच सकाळी बोरिवलीत गाडी चालू केली, मागे जाऊन पाहतो तर सायलेन्सरच्या पाइपातून टप टप पाणी! बोट लावलं, वास घेतला. पाणीच! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला (तो पडला की समजावं, वाट लागली): ही पुरात बुडालेली गाडी! पाणी ओसरलं की अशा गाड्या धुऊनपुसून लोकांच्या गळ्यात मारतात, हे मुंबईत कोणाला ठाऊक नाही?

"अहो, आधी मेकॅनिकला दाखवा ना," बायको म्हणाली.

"त्याला काय कळतंय!"

चार सकाळी पाइपाखाली वाटी धरून मी खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली भरली. भाऊबिजेला ताईने ओवाळलं आणि भरल्या घरात मी ताटात ओवाळणीऐवजी ती बाटली ठेवली!

"हे काय रे?"

"तुझ्या नवऱ्याच्या गाडीतलं पुराचं पाणी! मेव्हण्यालाच फसवलंत ना भाऊजी?"

भाऊजींचा चेहरा पांढरा पडला. "अरे, पाणी भरायला लागलं की मी गाडी उड्डाणपुलावर नेऊन लावायचो. स्वतः कमरेएवढ्या पाण्यातून घरी यायचो रे!"

"हो हो, पोहत!" मी म्हणालो. सगळे हसले. ताई आत निघून गेली.

पुढच्या आठवड्यात गॅरेजमध्ये सावंत मेकॅनिकने कपाळावर हात मारला.

"काका, पेट्रोल जळला की वाफ होता. सकाळी पाइप थंड, म्हणून तिचा पाणी होता. कुकरच्या झाकणाखाली थेंब जमतत, तसा! पाइप तापलो की बंद. लिटरभर पेट्रोल जाळलास तर जवळजवळ लिटरभर पाणी होता!"

आगीतून पाणी! दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारठ्यात मी सोसायटीच्या फाटकाशी उभा राहिलो. एकेक गाडी बाहेर पडत होती आणि प्रत्येकीच्या पाइपातून थेंब ठिबकत होते! बँकवाल्या कुलकर्ण्यांची, डॉक्टरीणबाईंची, अगदी कालच हार घातलेली कोरी करकरीत गाडीसुद्धा! पोटात ज्वाळा आणि शेपटीला दव. मी चक्क हात जोडले. वॉचमनने विचारलं, "काका, तब्येत बरी आहे ना?"

माफी मात्र राहिली. दर भाऊबिजेला ठरवायचो आणि करंज्या खाऊन परत यायचो. गेल्या महिन्यात वाक्य पाठ करून मुलुंडला गेलो. भाऊजी आता ऐंशीचे. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझा हात धरला.

"मला माफ कर रे. सहा वर्षं विचार करतोय. मी गावी गेलो असताना बुडालीही असेल गाडी. तू उगाच कशाला बोलशील?"

माझं पाठ केलेलं वाक्य अगदी ओठांवर होतं. आणि मी म्हणालो, "जाऊ द्या हो भाऊजी! मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय!"