छावणीला न गेलेला इशारा

गेल्या सप्टेंबरमध्ये, एका मंगळवारी दुपारी, आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या एका नदीवरच्या धरणाचे दरवाजे दुरुस्तीसाठी उघडले आणि खालच्या अंगाची मच्छीमारांची छावणी वाहून गेली. नदीचं नाव मला करारामुळे लिहिता येत नाही. पाणी सोडण्यापूर्वी लोकांच्या मोबाइलवर इशारा पाठवणारी यंत्रणा अमेरिकेतल्या बेलव्ह्यूमधल्या आमच्या ऑफिसात तयार झाली होती.

टीममधला एकजण त्याच नदीकाठचा. उन्हाळ्याआधीच्या मीटिंगमध्ये त्याने सांगितलं होतं, की कोरड्या महिन्यांत लोक गावात नसतात. नदीच्या पात्रालगत गवताच्या झोपड्या बांधतात, मासे पकडतात, तिथेच वाळवतात. त्याची आईही जाते. इशारा गावाच्या टॉवरवरून जाणार होता. छावणीपर्यंत त्याची रेंज नव्हती.

"म्हणजे सहा महिने वर्क फ्रॉम होम, सहा महिने नदीवर," नागपूरचा टेस्टर मराठीत म्हणाला. "मजा आहे यार यांची."

"गावच हायब्रिड!" दुसरा म्हणाला. आम्ही चौघं मराठी माणसं हसलो.

नदीकाठच्या त्या सहकाऱ्याने इंग्रजीत विचारलं, काय झालं? कोणीही भाषांतर केलं नाही.

पुण्याची मॅनेजर त्याला इंग्रजीत म्हणाली, "व्हॅलिड पॉइंट आहे. फेज टूमध्ये घेऊ. आत्ता डेट हलवली तर क्लायंट मला खाईल."

पाणी सुटलं त्या दिवशी स्क्रीनवर सगळे इशारे गावाच्या टॉवरवरून गेल्याचं हिरव्या रंगात दिसत होतं. टेस्टरने केक आणला. नदीकाठचा तो माणूस जिन्यात उभा राहून आईला फोन लावत होता. फोन लागत नव्हता.

"अरे, बॅटरी गेली असेल," मॅनेजर त्याला म्हणाली, आणि केकची प्लेट पुढे केली. त्याने ती घेतली नाही. "थोडा ओव्हररिअॅक्ट करतोय," ती आत येऊन आम्हाला म्हणाली.

गुरुवारी त्याच्या भावाचा फोन आला. आई वाळवीच्या एका माणूसभर उंच, टणक वारुळावर सापडली होती, शेजारच्या दोन बायकांबरोबर. होडी, जाळी आणि हंगामभर वाळवलेले मासे वाहून गेले होते.

मॅनेजरने त्याला विचारलं, "सो शी इज सेफ, राइट?" त्याने हो म्हटलं. तिने पुढच्या विषयाला हात घातला.

त्याची आई आता गावात मुलीकडे राहते. नवी होडी झालेली नाही. बाजारातून ती मासे विकत आणते.