रत्नमालाबाईंची घोरपड

गारखेड्यात रत्नमालाबाईंचा फायबरच्या पुतळ्यांचा कारखाना आहे. वीस वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली पॉलिश पेपर घासल्यावर त्यांनी तो उभा केला. त्यांच्या बुद्धमूर्ती लोक लांबून येऊन नेतात. म्हणून बिडकीनजवळ करमणुकीची बाग काढणारे अतुलशेठ नामशेष झालेली राक्षसी घोरपड करून मागायला आले, तेव्हा बाईंना नवल वाटलं, अन् हुरूपही आला.

हे जनावर हजारो वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियात संपलं. बाईंनी लेकीला, विशाखाला, माहिती काढायला लावली. अख्खा सांगाडा आजवर कुणालाच सापडलेला नाही, लांबीवरून अभ्यासकांचं अजून जमत नाही, हे कळल्यावर त्यांनी मधलं माप धरलं. सोळा फूट. पंजे नीट यावेत म्हणून माहेरच्या शिवारात जाऊन बांधावरच्या घोरपडी तासन्‌तास पाहिल्या. चार महिन्यांनी जनावर बिडकीनला पोचलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी रंगाचा शेवटचा हात द्यायला बाई गेल्या, तर घोरपडीच्या पाठीवर दोन लालभडक पंख. शेठ म्हणाले, लोकांना असंच आवडतं, आणि खरी कशी होती ते पाहिलंय कुणी?

"पुरी हाडं घावली नाहीत, म्हणून मनाला येईल ते लावायचं व्हय?" बाई म्हणाल्या. "खाली माझं नाव हाय."

नाव पुसून टाकू, शेठ म्हणाले.

"नाव ऱ्हाणार. पंख जाणार."

बाईंनी पंखांना ग्राइंडर लावला. शेठ ओरडत होते, कामगार नुसते बघत होते. दोन्ही पंख कापून बाईंनी गवतावर ठेवले. शेठनी त्यांना फाटकाबाहेर काढलं. पुढं त्यांनी इकडंतिकडं फोन फिरवले आणि बाईंची हातची कामं गेली. वर्षभर बाईंनी पाण्याच्या टाक्यांना ठिगळं लावली, पण माफी मागितली नाही.

पण बाईंच्या कामाला हात लावून नवे पंख बसवायला शहरातला एकही कारागीर तयार झाला नाही. कापल्याच्या खुणा मात्र पाठीवर तशाच उघड्या आहेत, हे विशाखा बघून आली. बाईंना ते सोसेना. एका रविवारी त्या तिकीट काढून चारचौघांसारख्या आत गेल्या. पिशवीत पुट्टी अन् हिरवट रंगाचा डबा. पहारेकऱ्यानं हटकलं.

"माझं काम ऱ्हायलंय," बाई म्हणाल्या.

त्यानं ओळखलं आणि शिडी आणून दिली. बाई पाठीवर चढल्या, खुणा बुजवल्या, रंग दिला, आणि तो सुकेपर्यंत भर उन्हात तिथंच बसून राहिल्या.