पांढरं रोप

शालूबाईनं वाकून रोपाला हात लावला आणि तशीच उकिडवी बसून राहिली. आठ दिवसांपूर्वी पेरलेलं भात उगवलं होतं, पण बोटभर वाढलेलं ते रोप पांढरंफटक होतं. बांधापलीकडच्या छोट्या वाफ्यात तेच बी हिरवंगार उभं होतं.

फरक एकच होता. मोठ्या वाफ्यात औषधाच्या कारखान्याचं खत पडलं होतं.

१९७३ सालची ही गोष्ट. आंबी गावाच्या शिवाराजवळ नव्यानं उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यात जंतू मारणारी औषधं बनत. औषध काढून उरलेला तपकिरी चोथा खत म्हणून फुकट वाटला जाई. शालूबाईचा नवरा अंबाजी तिथं हंगामी कामाला होता. साहेबांनी सांगितलं म्हणून गावातला पहिला ट्रक त्यानंच आपल्या शेतात रिकामा करून घेतला. छोट्या वाफ्याला चोथा पुरला नाही, तिथं नेहमीचं शेणखत गेलं.

अंबाजीनं येऊन रोप बघितलं. "रोग पडला आसंल," म्हणाला.

"रोग काय बांध बघून थांबतो व्हय?"

तो खाली बघत म्हणाला, "कुटं बोलू नको. दिवाळीपातूर कायम करतो म्हनलेत."

शालूबाईनं तीन फुटकी मडकी घेतली. एकात नुसती छोट्या वाफ्यातली माती, दुसऱ्यात त्या मातीत मूठभर चोथा, तिसऱ्यात निम्मा चोथा. बी एकच, पाणी एकाच कळशीतलं. रोज सकाळी उठली की ती आधी मडक्यांपाशी जायची. आठव्या दिवशी पहिल्यातलं रोप हिरवं होतं, दुसऱ्यातलं पिवळट आणि तिसऱ्यातलं पांढरं. उपटून पाहिलं, तर मुळं कापलेल्या दोऱ्यासारखी आखूड.

त्याच दिवशी कळलं, शुक्रवारी आणखी चार जणांच्या शेतात ट्रक येणार.

गुरुवारी सकाळी पाटीत मडकी घेऊन ती कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिली. कामगार रांगेनं आत चालले होते. साहेब बाहेर आले.

"बाई, या औषधानं माणसं वाचतात. भाताला त्यानं काय होणार?"

"सायेब, ते जंतू मारतं ना? मग मातीत आनिक काय काय मारतंय, ते तुमी बघितलंय का?"

साहेबांनी एक पांढरं रोप उपटलं, उलटंसुलटं करून पाहिलं. चेहरा कठीण झाला. रांगेकडे वळून त्यांनी विचारलं, "कुणाची बायको ही?"

अंबाजी रांगेतच होता. शालूबाईनं मुद्दाम त्याच्याकडे पाहिलं नाही. तो गप्प राहिला तर त्याला कधी बोल लावायचा नाही, हे ती घरूनच ठरवून आली होती.

"माजी," अंबाजी म्हणाला आणि रांगेतून बाहेर आला.

सोमवारपासून त्याला येऊ नको म्हणून सांगितलं. शुक्रवारी ट्रक आला नाही, पुढंही कधी आला नाही. तो चोथा नंतर कुठं गेला, ते आंबीत कुणालाच कळलं नाही.

छोट्या वाफ्यातलं रोप एका खाचरालाही पुरणारं नव्हतं. दोघं चालत आंदर मावळात गेली. तिथली चिमाबाई तळेगावच्या बाजाराला करवंदं घेऊन यायची, तेवढीच ओळख. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या वाफ्याचा एक कोपरा दाखवला. "येवढं न्या. माज्या लावनीला दोन दिस येऊन जावा, झालं." डोक्यावर रोपाच्या मुठी घेऊन ती दोघं दिवस कलताना घरी पोचली.

मोठ्या वाफ्यातली वीतभर माती खरवडून त्यांनी पडिकातल्या खड्ड्यात पुरली. दोन वर्षं तिथं काही पेरलं नाही. तिसऱ्या वर्षी बी टाकलं. रोप हिरवं आलं, तिथंच राहू दिलं, तर लोंब्याही भरल्या.

त्या भाताचे तांदूळ पहिल्यांदा शिजवले, तेव्हा शालूबाईनं पोरांना कालची भाकरी दिली आणि ताट एकटीपुरतं वाढून घेतलं. अंबाजी शेजारी येऊन बसला, ताट दोघांच्या मधे ओढलं. दोघं जेवली. आपल्याला काही होतंय का, याची दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी तिनं पोरांना वाढलं.