बेसबॉलची आंघोळ

सांगायला बसलेच आहे तर सांगून टाकते, पण आधी तुम्ही माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. मळकी वस्तू धुतली तर तिची किंमत वाढते की कमी होते?

वाढते ना? तुमच्याकडे वाढते, आमच्याकडे वाढते, अख्ख्या वऱ्हाडात वाढते! मग या जगात मळाचे पैसे देणारी माणसं आहेत तरी कशाला? आणि असलीच, तर ती नेमकी माझ्याच वाट्याला का यावीत?

मी तशी कमी बोलणारी. लग्न होऊन अमरावतीहून अकोल्याला आले, तेव्हा सासरच्यांना आधी वाटलं, पोरीला घशाचा काही त्रास असावा. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "पोरगी चांगली हाये वो, फक्त बोलत नाई." आता बोलत नाही म्हणजे बघत नाही असं थोडंच असतं? आल्या आल्याच माझ्या लक्षात आलं होतं की या घरातून कुठंही जायचं तर भासऱ्यांच्या गाडीवर मागं बसून जावं लागतं. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमचे हे, निखिलराव, सकाळी दुकानावर जातात ते अंधार पडल्यावर उगवतात. म्हणून बाजार असो, दवाखाना असो, ब्लाउजची हुकं आणायची असोत, भासरे पुढे, मी मागे आणि मधे सरहद्दीसारखी भाजीची पिशवी. भासरे माणूस देवासारखा, पण हुकं घेताना दुकानात शेजारी उभा राहणारा देव कुणाला हवा असतो?

मला स्वतःची स्कूटी हवी होती. माहेरी मागायची नाही, सासरी मागायची नाही. आपल्या पैशानं घ्यायची.

तर मी माहेरी गेले होते. मावशी म्हणाली, "चाल वो, एका बंगल्यातलं सामान विकून राहिले. तांब्याचं घंगाळ भेटलं तं पाहू." खेळाच्या एका म्हाताऱ्या सरांचा तो बंगला. सर वारले, मुलगा बाहेरदेशी, त्याला घर रिकामं करून परत जायची घाई. सोफ्यापासून बटाट्याच्या सोलाण्यापर्यंत सगळं अंगणात मांडलेलं. मावशी घंगाळावर तुटून पडली आणि मला एका उघड्या पेटीत चामड्याचा भलामोठा हातमोजा आणि त्याच्या पंजात एक चेंडू दिसला. मळकट, लाल टाक्यांचा, आणि अंगभर फिकट तपकिरी सह्या.

मुलगा म्हणाला, "बाबांचा बेसबॉल आहे. ते लहान असताना अमेरिकेतून एक टीम इकडे खेळून दाखवायला आली होती, त्यांच्या सह्या आहेत."

हसू नका. आमच्या अमरावतीत मल्लखांबापासून बेसबॉलपर्यंत सगळं खेळतात.

मावशीनं घंगाळाचा सौदा ठरवता ठरवता ती जोडी वर फुकट टाकून घेतली. "हे घाण कायले घेतं वो?" तिनं मला रिक्षात विचारलं. मी नेहमीप्रमाणे काही बोलले नाही.

पण फोटो काढला. मावशीच्या ओळखीचे रिझवानभाई म्हणून जुन्या वस्तूंचे व्यापारी आहेत अमरावतीत, त्यांना पाठवला. मी अकोल्याला परत पोचते न पोचते तोच त्यांचा फोन.

"भाभी, हा बॉल तुमच्याकडे कसा? मी त्या बंगल्यावर पोचलो तं फक्त कपाटं उरली होती! यातला एक पोरगा पुढं तिकडं बहोत बडा खिलाडी झाला. माझं एक गिऱ्हाईक हाये, पागल होऊन जाईल."

मग त्यांनी आकडा सांगितला. मी पलंगावर बसले. त्या आकड्यात स्कूटी येत होती, हेल्मेट येत होतं आणि रंगसुद्धा आपल्या पसंतीचा निवडता येत होता!

"रविवारी येतो. तोवर त्याची काळजी घ्या भाभी."

काळजी घ्या. हेच शब्द. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे वस्तूची काळजी कशी घेतात?

रात्री जेवताना मी ही बातमी सांगितली. लग्नानंतरचं माझं हे पहिलंच लांबलचक वाक्य. सगळ्यांचे घास हातातच राहिले. निखिल म्हणाले, "चेंडूचे एवढे पैसे? येडा हाये का कोणी?" पण मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, चेंडू मागवला, दिव्याखाली धरून फिरवला आणि नाक मुरडलं.

"सूनबाई, विकाची वस्तू अशी दाखवतेत काय? मी जोडी बजारात नेतो तं बैलाले आधी आंघोय घालतो, तेल चोयतो, शिंगं रंगवतो. गिऱ्हाइकाचा डोया ठरला पायजे!"

"रिठे हायेत ना माह्याजोळ," सासूबाई म्हणाल्या. "पैठणीले काई होत नाई, तं चेंडूले काय होते?"

मला हे पटलं. पटणारच! लग्न झाल्यापासून मी या घरात दुसरं केलंय काय? फडताळावरून बोट फिरवून सासूबाई ते बोट मला दाखवतात. धूळ म्हणजे सुनेची अब्रू. आणि लाखमोलाची वस्तू मी मळकी ठेवू?

दुसऱ्या दिवशी दुपारी रिठ्याचं पाणी केलं. जुना टूथब्रश घेतला. टाक्याटाक्यातला मळ काढला. काय सांगू, आत इतका गोरापान चेंडू होता! हातमोज्याला मामाजींनी स्वतः बैलांच्या चामडी पट्ट्यांचं तेल चोळलं. तो काळाभोर, चकचकीत झाला आणि घरभर गोठ्याचा वास सुटला.

मग मी चेंडू पुसून उजेडात धरला. मळाबरोबर सह्याही निघाल्या होत्या! अगदीच गेल्या नव्हत्या, पण डोळे बारीक केल्याशिवाय दिसत नव्हत्या.

या ठिकाणी एखादी शहाणी बाई रडली असती, नाहीतर तिनं फोन केला असता. मी शहाणी नव्हते, हुशार होते. मामाजींचं वाक्य आठवलं. शिंगांचा रंग उडाला तर काय करतात? पुन्हा देतात!

फोनमध्ये फोटो होताच. तो मोठा केला, निखिलच्या दुकानातला पक्क्या शाईचा मार्कर घेतला आणि एकेक सही गिरवायला बसले. माझा हात चांगला आहे हो. रांगोळीत बक्षिसं घेतलीत. एका खेळाडूचं अक्षर तर इतकं गचाळ, की मी ते जरा सुधारलंही. तो जो पुढं मोठा झाला, तोच हा. मोठ्या माणसाची सही कशी वाचता आली पाहिजे!

संध्याकाळी सगळ्यांनी चेंडू बघितला. निखिलसुद्धा म्हणाले, "आता वाटते काहीतरी वस्तू!" सासूबाईंनी तो पितळी ताटात ठेवून वर जाळीचा रुमाल घातला.

रविवारी रिझवानभाई आले. पांढराशुभ्र कुर्ता, अत्तराचा वास. चहा बाजूला ठेवला आणि खिशातून पांढरे हातमोजे काढून घातले. सासूबाई माझ्या कानाशी लागल्या. "पाय वो, केवढा सोच्छ माणूस!"

त्यांनी रुमाल उचलला. बघितलं. भिंग काढलं. पुन्हा बघितलं.

"छान हाये भाभी. मुलांना खेळायला घेतला काय? आता जुना दाखवा."

"हाच जुना," मी म्हटलं.

"मजाक नका करू."

"हाच आहे. काळजी घेतली ना."

रिझवानभाई खुर्चीत मागे टेकले. चेंडू ताटात ठेवून दिला. मामाजींना वाटलं, भाव पाडायची ही जुनी तऱ्हा आहे. बैलाच्या बाजारात गिऱ्हाईक असंच तोंड पाडून बसतं म्हणे. ते सरकून पुढे झाले, खांद्यावरचा दुपट्टा रिझवानभाईंच्या हातावर टाकला आणि आत बोटं दाबायला लागले. जोडीचा सौदा आमच्याकडे असाच होतो, भाव चारचौघांना दिसू नये म्हणून.

"बोला भाऊ! एवढे?"

"चाचा, हात सोडा..."

"बरं, एवढे? पहिली बोयनी हाये आमच्या सूनबाईची, मोडू नका!"

"अहो, हात सोडा! याचे काहीच येत नाईत!" रिझवानभाई उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं, खोटं नाही सांगत. "भाभी, ये क्या कर दिया? त्या मळाचेच पैसे होते. त्या फिक्या शाईचे पैसे होते. आणि याचं अक्षर..." त्यांनी त्या मोठ्या खेळाडूवर बोट ठेवलं. "हा माणूस जिंदगीत एवढा साफ लिहीत नव्हता!"

आणि मग मी पेटले. इतके दिवस घशात साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"म्हणजे मळ ठेवायचा होता? घरात एवढंसं जाळं दिसलं की सुनेला बोलणी, आणि एक चेंडू घासला तर स्कूटी गेली? काहून? कोणत्या न्यायानं? काळजी घ्या म्हटलं तुम्ही! धुऊ नका म्हणायला काय झालं होतं तुमाले?"

रागात मी वऱ्हाडी बोलते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. सासूबाई तर तोंडाला पदर लावून बघतच राहिल्या. मामाजी म्हणाले, "बराबर बोलली पोरगी! घाणीचे पैसे देते, थो कायचा व्यापारी?"

रिझवानभाई माणूस सज्जन. त्यांनी हातमोजे काढले, चहाचा घोट घेतला आणि जाता जाता मला समजवावं म्हणून बोलले, "गुस्सा मत करो भाभी. या बॉलवर आता एकही सही खरी नाई. तुमी एक काम करा, खाली तुमची सही करून टाका. एक तरी असली राहील. घरात आठवण."

मी रागातच होते. मार्कर उचलला, टोपण फेकलं आणि दोन टाक्यांच्या मधे झोकात सही ठोकली. घ्या! ही तरी खरी!

सासूबाईंनी चष्मा लावला. चेंडू डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"काय वो हे? हे तं बापाचं आडनाव हाये तुह्या!"

मी बघितलं. होतं. वळणासकट, खालच्या रेघेसकट, कॉलेजातली जशीच्या तशी.

निखिलरावांनी आईच्या हातून चेंडू घेतला, उजेडात फिरवून शांतपणे बघितला आणि ताटात परत ठेवला.

"रिझवानभाई," ते म्हणाले, "अजूनबी एकबी सही खरी नाई."