वळणावरचा दिवा आणि आमची कमिटी

किस्से लग्नघरात होतात, हॉस्टेलवर होतात, ऑफिसातही होतात. पण ते ढिगाने साठतात कुठे? जिथे चार निवृत्त माणसं, एक लेटरहेड आणि एक रबरी शिक्का एकत्र येतात तिथे! आमच्या कॉलनीच्या कमिटीत मी वर्षभर होते. मैत्रिणी म्हणतात, "लिहून ठेव, नाहीतर कुणाला खरं वाटणार नाही." लिहून तरी कुणाला वाटणार आहे, पण असो.

आमची कॉलनी शोळिंगनल्लूरच्याही पुढे. रेल्वेतून, बँकेतून निवृत्त झालेल्या मराठी मंडळींनी तिथे स्वस्तात प्लॉट घेतले आणि घरं बांधली. पत्त्यात सगळे ऐटीत 'चेन्नई' लिहितात, पण जागा ग्रामपंचायतीची. रस्ता, पाणी, दिवे, सगळं पंचायतीकडून यायचं. आणि ते पंचायतीकडून आणायचं काम कमिटीचं.

अध्यक्ष आप्पा, म्हणजे निवृत्त स्टेशन मास्तर. सेक्रेटरी नेनेकाका, बँकेतले. तिसरे रावमामा, मूळचे तंजावरचे मराठी, जे कशालाही "सेरी, सेरी" म्हणतात, म्हणजे "बरं, बरं".

आणि चौथी मी. माझी निवड अर्थातच गुणवत्तेवर झाली. कमिटीत एक तरी बाई हवी असा नियम होता आणि बाकीच्या बायकांना मीटिंगच्या वेळी स्वयंपाक असतो!

*

माझी मागणी एकच होती. कंपनीची कॅब आम्हाला मेन रोडवर सोडते, कारण ड्रायव्हर आत यायला तयार नसतो. तिथून कॉलनीपर्यंत कच्चा रस्ता, मध्ये एक वळण, आणि वळणाला लागून उघडं गटार. संध्याकाळी आम्ही तिघीचौघी मुली मोबाईलच्या स्क्रीनच्या उजेडात, एकमेकींचा हात धरून तिथून जातो. वळणावरच विजेचा खांब आहे. त्यावर एक ट्यूबलाइट हवी. बस!

पहिल्याच मीटिंगमध्ये मी हे सांगितलं. आप्पा म्हणाले, "विषय पत्रिकेवर नाही."

पुढच्या मीटिंगला तो पत्रिकेवर होता. सगळ्यात शेवटी. त्याच्या आधी बागेतलं गवत होतं. गवत कापावं की कुणाची गाय आणून सोडावी, यावर मतभेद होते. गाय सोडली तर शेण कुणाचं, यावर जास्तच होते. दिव्याचा नंबर येईपर्यंत ट्रेमधून चहा आला. आणि आमच्या कमिटीचा रिवाज असा, की चहा आला की मीटिंग संपली. चहानंतर घेतलेला निर्णय धरत नाहीत!

मी चहा आणणाऱ्या नेनेकाकूंना विचारलं, "चहा जरा उशिरा आणाल का?"

काकू म्हणाल्या, "अगं, मीच लवकर आणते. नाहीतर हे उठतच नाहीत!"

*

दिवा राहिला, पण बाक मात्र झाला. ज्येष्ठांना सकाळी टेकायला बाक हवा होता आणि त्यासाठी मीटिंग चहाच्या आधी आटपली, हे इतिहासात नोंदवण्यासारखं आहे.

प्रश्न उरला तोंड कुठे करायचं. रस्ता दक्षिणेला. दक्षिणेकडे तोंड करून बसायचं नाही, म्हणे. पूर्वेला करावं, तर सकाळचं ऊन डोळ्यांवर. पश्चिमेला गटार. राहिली उत्तर. उत्तरेला नेनेकाकांच्या कंपाउंडची बुटकी भिंत, हातभर अंतरावर.

बाक उत्तरेकडेच बसवला. रोज सकाळी तीन मोठी माणसं ओळीने बसून भिंत बघायची. आठवड्याभरात नेनेकाकू तक्रार घेऊन आल्या, "भिंतीवरून हे सगळे माझ्या स्वयंपाकघरात बघतात!"

कमिटीने तातडीने उपाय केला. भिंत वाढवली.

*

ऐन पावसाळ्यात, म्हणजे इथल्या नोव्हेंबरात, मी त्या वळणावर गटारात पडले. लॅपटॉपची बॅग छातीशी धरलेली, त्यामुळे लॅपटॉप वाचला आणि गुडघा फुटला.

दुसऱ्याच दिवशी खास मीटिंग! मला बरं वाटलं. आप्पा गंभीर होते. नेनेकाकांनी ठराव वाचला: "कॉलनीतील तरुण मुलींनी अंधार पडण्यापूर्वी घरी परतावे."

मी म्हटलं, "आप्पा, माझा मॅनेजर अमेरिकेच्या वेळेवर चालतो."

आप्पा म्हणाले, "मग त्याला पत्र पाठवू."

"सेरी, सेरी," रावमामा म्हणाले. "लेटरहेडावर पाठवा."

*

मग मी जरा चौकशी केली. तेव्हा कळलं, की गावात वर्षातून चार वेळा ग्रामसभा भरते. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर. तिथे कुणीही उठून दिवा मागू शकतं. आमच्यातलं कुणी कधी गेलं नव्हतं. का? कारण जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये आमचं स्वतःचं झेंडावंदन असतं आणि त्यानंतर उपमा असतो. मे महिन्यात मंडळी पुण्याला असतात. आणि गांधी जयंतीला सुट्टी!

सव्वीस जानेवारीला मी निघाले. आप्पांनी गेटपाशी अडवलं. "झेंडावंदन सोडून कुठे निघालीस?"

"तिथेही झेंडाच आहे, आप्पा."

"तिथे उपमा नाही," नेनेकाका कळकळीने म्हणाले.

*

पंचायतीची अध्यक्ष बाई आहे, हे आमच्या कमिटीला माहीतच नव्हतं. सेल्वी अम्मा निवडून आलेली, पण खुर्चीत तिचा नवरा बसायचा. सगळे त्यालाच 'प्रेसिडेंट सार' म्हणायचे. कमिटीची आजवरची सगळी निवेदनं त्याच्याच हातात गेली होती. ग्रामसभेतही बोलत तोच होता. अम्मा शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत गप्प.

मी उठून माझ्या कॉलेजातल्या मोडक्या तमिळमध्ये दिव्याचं सांगितलं. प्रेसिडेंट सार म्हणाले, "बघू."

अम्माने मात्र मला हाताने जवळ बोलावलं. "कुठलं वळण? ताडाच्या झाडापाशी, गटाराजवळ?"

"हो. मी पडले तिथे."

"तिथे माझी बकरी पण पडली," ती म्हणाली. "तेव्हाच मी यांना म्हटलं होतं, दिवा लावा. पण बकरीचं आणि बायकोचं कोण ऐकतं!"

मग नवऱ्याकडे न बघता तिने लाइनमनला हाक मारली. आठवडा उलटायच्या आत खांबावर ट्यूबलाइट आली. खाली एक छोटी पेटी, तिच्यात बटण. त्या संध्याकाळी आम्ही मुली वळणावरून हात न धरता चालत आलो. मधेच उगाच थांबलो, आणि परत मागे जाऊन पुन्हा एकदा आलो.

*

कमिटीला दिवा दिसल्याबरोबर सत्कार सुचला. अर्थात प्रेसिडेंट सारांचा! मी म्हटलं, "आप्पा, दिवा अम्माने लावला."

"बरोबर आहे गं. पण बाईमाणसाला शाल कोण घालणार? बरं दिसत नाही."

दिव्याखालीच खुर्च्या मांडल्या. अंधार पडल्यावर कार्यक्रम, म्हणजे दिवा उठून दिसेल ही नेनेकाकांची कल्पना. सारांना शाल, हार, श्रीफळ. अम्माला हळदीकुंकू आणि ब्लाउजपीस.

आप्पांनी हिंदीत भाषण केलं. तमिळ आपल्याला येत नाही, हे ते इतकी वर्षं मद्रासला काढूनही अभिमानाने सांगतात. म्हणाले, "हा दिवा कमिटीच्या अथक प्रयत्नांचं फळ आहे!" मग त्यांनी प्रत्येकाचे आभार मानले. सारांचे, नेनेकाकांचे, रावमामांचे, खुर्च्या देणाऱ्याचे. मी अम्माच्या शेजारी बसून तिला एकेक वाक्य तमिळमध्ये सांगत होते. एकही शब्द गाळला नाही.

"माझं नाव आलं का?" तिने विचारलं.

"नाही."

"तुझं?"

"नाही."

अम्मा उठली. ब्लाउजपीस खुर्चीवर ठेवला, पदर खोचला, शांतपणे खांबापाशी गेली आणि पेटी उघडून बटण दाबलं.

मिट्ट काळोख!

"कार्यक्रम छान झाला," अंधारातून तिचा आवाज आला. "आता सगळ्यांनी घरी जा."

मी आप्पांसाठी तेवढं मराठीत करून सांगितलं. मग एक खुर्ची सरकली, कुणीतरी कुणाचा तरी पाय तुडवला, नेनेकाका म्हणाले, "आप्पा, डावीकडून, डावीकडून!" आणि जोरात आवाज झाला, छपाक!

पाठोपाठ गटारातून आप्पांचा आवाज आला, दिवा लावा म्हणून, आणि तोही स्वच्छ, खणखणीत तमिळमध्ये:

"अम्मा! लाइट पोडुंगम्मा!"