झाकणाच्या आतली पट्टी

आमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सगळे त्यांना वैद्य म्हणत. ते लॅपटॉप दुरुस्त करणारे साधे मेकॅनिक होते. पण कुठलंही मशीन समोर आलं की आधी त्याच्या पाठीवर उलटा हात ठेवायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि डोळे मिटून पाच-सात सेकंद गप्प बसायचे. मग म्हणायचे, “डावीकडे जास्त आहे. पंखा दमलाय.” तापमान मोजायचं यंत्र टेबलावर असायचं, पण ते आम्ही गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरतं वापरायचो. वैद्यांचा हात काही पावतीवर लिहिता येत नव्हता.

मी काउंटरवर होते. मशीन घ्यायचं, तक्रार लिहायची, पावती फाडायची आणि उशीर झाला की लोकांच्या शिव्या खायच्या. माझ्या मागे काच, आणि काचेपलीकडे वैद्यांचं टेबल. त्यांची आई गेली तेव्हा तिचा गोळ्यांचा सात खणांचा डबा त्यांनी कामावर आणला आणि त्यात स्क्रू ठेवायला लागले. सोमवारात झाकणाचे, मंगळवारात पंख्याचे, बुधवारात किबोर्डाचे. कधी काचेमागून हाक यायची, “ताई, जरा खाली बघा, गुरुवार सांडलाय!” मग मी काउंटरखाली रांगत गुरुवार गोळा करायचे, आणि गिऱ्हाईक आम्हा दोघांकडे बघत राहायचं. अकरा वर्षांत त्या जागेत मला मनापासून हसू आलं असेल तर ते त्या डब्यामुळे.

मग गेमिंगवाले लॅपटॉप आले. जाडजूड, किबोर्डाखाली रंगीत दिवे. कारखान्याने ठरवलेल्या वेगाच्या पुढे ते पळवता यायचे. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. ‘मर्यादा तुमच्या हातात’ असं कंपनीनेच खोक्यावर ठळक छापलं होतं. पोरंसोरं खूश. वैद्यांनी पहिलंच मशीन उघडलं, आतली उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी बघितली आणि म्हणाले, “ही नळी एवढं ओझं नाही ओढणार.” साहेबांना सांगितलं. साहेब म्हणजे आमचे मॅनेजर. ते म्हणाले, “कंपनीत इंजिनिअर बसलेत ना?” विषय संपला. वर्षभरात मशीनं अशी तापायला लागली की किबोर्डावर बोट ठेववेना.

कंपनीने नळी बदलली नाही. नळीला खर्च येतो. त्यांनी फर्मवेअर बदललं. फर्मवेअर म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी जागं होणारं सॉफ्टवेअर. बोर्डावरच्या आठ पायांच्या एका बारीक चिपमध्ये ते राहतं. प्रोसेसरने किती वीज खायची आणि किती तापायचं, हे ते ठरवतं. नव्या फर्मवेअरने नव्वद वॅटची मर्यादा गुपचूप पासष्टवर आणली. वरून आम्हाला आदेश आला की मशीन कशासाठीही येऊ दे, एक बटण सैल झालं म्हणून आलं तरी, आधी अपडेट टाकायचं. पावतीवर लिहायचं ‘सिस्टिमची काळजी’. गिऱ्हाइकाला जास्त सांगायचं नाही. आणि एकदा नवं चढलं की साध्या मार्गाने जुनं परत टाकता येत नव्हतं, तो बंदोबस्त आतच केलेला.

“कमी केलं ते बरोबर केलं,” वैद्य मला म्हणाले. “पण माणसाने पैसे मोजून घेतलेली वस्तू आपण त्याला न सांगता अर्धी करायची आणि वर काळजी म्हणायचं? ही कसली काळजी?”

मी म्हणाले, “तुम्हाला काय करायचंय? लिहा आणि मोकळे व्हा.” माझं आयुष्यभराचं धोरण हेच.

त्यांनी लिहिलं, पण भलतीकडे. चिपला हात लावण्याआधी त्या मशीनच्या स्वतःच्या फर्मवेअरची प्रत काढून ठेवायची, ही त्यांची जुनी सवय होती, कारण त्यातच मशीनचा नंबर असतो. दुसऱ्याची प्रत घातली तर मशीन दुसऱ्याच्या नावाने उठतं. आता त्यांनी त्यात भर घातली. कागदाची बोटभर पट्टी कापायची, बारीक सुबक अक्षरात चार ओळी लिहायच्या आणि ती खालच्या झाकणाला आतून चिकटवायची. तारीख. आधीची मर्यादा. नंतरची मर्यादा. करणारा. आणि ‘करणारा’पुढे स्वतःचं पूर्ण नाव.

“कोण वाचणार हे?” मी विचारलं.

“पुढचा मेकॅनिक. त्याला कळायला नको का, याच्यावर आधी काय काय झालंय? आपली कामं आपण लपवायची नसतात, ताई.”

दुसरे दोन मेकॅनिक त्यांना हसायचे. ते आदेशाप्रमाणे अपडेट टाकायचे, झाकण लावायचे आणि चहाला जायचे. त्यांच्या हाताची कुठेही खूण राहायची नाही. तेव्हा आम्हाला तो आळस वाटायचा. ती हुशारी होती, हे फार उशिरा कळलं.

एक दिवस एका मोठ्या शाळेच्या संचालकांचा पुतण्या आला. कॉलेजातला, स्पर्धांत गेम खेळणारा. अपडेटनंतर त्याचा गेम अडखळायला लागला होता, आणि त्या शाळेला दरवर्षी दोनशे लॅपटॉप आमच्याकडूनच जायचे. त्याला माझ्याशी बोलायचंच नव्हतं. तो थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेला. पाच मिनिटांनी साहेब त्याचं मशीन स्वतःच्या हातांनी घेऊन वैद्यांच्या टेबलापाशी आले. मी तेव्हा पावती द्यायला आत गेले होते. दोन हातांवर उभी होते. शब्द न् शब्द ऐकला.

“जुनं टाकून द्या याच्यात. नव्वदवालं.”

“साहेब, आदेश आहे.”

“आदेश मी बघतो. मी सांगतोय ना?”

“मग दोन ओळी लिहून द्या.”

साहेब हसले, वैद्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “लिहून कशाला? आपण काय परके आहोत?”

वैद्यांनी माझ्याकडे बघितलं. ताईंनी ऐकलंय, एवढंच त्या बघण्यात होतं. मग त्यांनी मशीन उघडलं, चिपच्या आठ पायांना क्लिप लावली, जपून ठेवलेली जुनी प्रत परत लिहिली आणि पट्टी चिकटवली. पुतण्याला समोर बसवून बजावलं, “टणक टेबलावर ठेवायचं. गादीवर, उशीवर अजिबात नाही. खालून श्वास घेतं ते.” तो कानात इअरफोन घालून ‘हो काका, हो काका’ करत होता.

दोन महिन्यांनी त्याने ते गादीवरच ठेवलं. गेम चालू ठेवून जेवायला गेला. खालची भोकं गादीत बुडली, बॅटरी फुगली आणि फुटली. अर्धी गादी जळाली. विझवायला गेला तो त्याचा हात मनगटापर्यंत भाजला.

चौकशीला कंपनीचे अधिकारी आले. जळक्या मशीनचं खालचं झाकण एका बाजूने शाबूत होतं. त्यांनी ते उघडलं, तर आत पट्टी. कडा तपकिरी झालेल्या, पण अक्षर स्पष्ट. आधीची मर्यादा पासष्ट. नंतरची नव्वद. करणारा, आणि पुढे वैद्यांचं पूर्ण नाव. एवढ्या मशीनांना एवढ्या लोकांनी हात लावला होता, आणि पुरावा मिळाला तो एकट्या सचोटीच्या माणसाविरुद्ध, त्याच्याच सुबक अक्षरात. बारीक नळीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. गादीबद्दलही नाही.

वैद्य म्हणाले, “मला साहेबांनी सांगितलं होतं.”

अधिकाऱ्याने पट्टी पुढे सरकवली. “इथे करणारा लिहिलंय. सांगणारा कुठे लिहिलाय?”

वैद्यांनी पट्टीकडे नीट बघितलं, जणू दुसऱ्या कुणी लिहिली होती. “ती ओळ ठेवलीच नव्हती,” ते म्हणाले. मग म्हणाले, “ताई तिथे होत्या. त्यांना विचारा.”

आदल्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. धमकी वगैरे काही नाही. खुर्ची दिली. सहा वर्षं रखडलेलं, मला नोकरीत कायम करण्याचं पत्र टेबलावर होतं, सही तेवढी राहिली होती. “उद्या सगळं सुरळीत झालं की हे मार्गी लावू,” म्हणाले. मुलीचं कॉलेजचं दुसरं वर्ष चालू होतं, घरात कमावणारी मी एकटी. ही कारणं मी इतकी वर्षं घोकलीत. कारणं खरी आहेत. तरीही मी जे केलं ते हलकटपणाचंच होतं, त्याला दुसरा शब्द नाही.

अधिकाऱ्याने विचारलं, “मॅनेजरनी असं सांगितल्याचं तुम्ही ऐकलंत का?”

मी म्हणाले, “मी काउंटरवर असते. मला आठवत नाही.”

वैद्य रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली, मशीनवर हात ठेवून बिघाड कळल्यावर हलवायचे तशी.

त्यांना नोकरी सोडायला महिन्याची मुदत मिळाली. माझं पत्र त्याच आठवड्यात आलं. आणि आता सांगते ते वाचून तुम्ही मला नावं ठेवाल, ठेवा. त्या महिन्यात मी माझ्या मुलीचा लॅपटॉप वैद्यांकडेच घेऊन गेले. ती इमारतींची ड्रॉइंगं करायची, त्यासाठी जुना गेमिंग लॅपटॉप घेऊन दिला होता, आणि अपडेटनंतर तो कासवासारखा चालत होता. दुसऱ्या मेकॅनिकच्या हाती तो द्यायला माझं मन धजेना. विश्वास वैद्यांवरच! मी खालच्या आवाजात म्हणाले, “थोडी मर्यादा वाढवून देता का? तिचं काम अडलंय.” ज्या कामापायी त्यांची भाकरी गेली होती तेच काम, तसंच तोंडी.

त्यांनी मशीनवर उलटा हात ठेवला, डोळे मिटले. “ठेवून जा, ताई,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मशीन मिळालं. प्रोसेसरवरचा, उष्णता ओढून घेणारा सुकलेला लेप बदलला होता, पंखा पुसला होता, मर्यादा बेताने वाढवली होती. घेताना माझ्या तोंडून ‘आभारी आहे’सुद्धा निघालं नाही. महिनाअखेरीला ते गेले. सात खणांचा डबा घेऊन गेले.

पुढे त्यांना कुठल्याच सर्व्हिस सेंटरने ठेवलं नाही. असली बातमी माणसाच्या आधी पोहोचते. ते एका झेरॉक्सच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसून मोबाइलच्या स्क्रीनवर काचा चिकटवायला लागले. बोर्डावरच्या केसाएवढ्या रेघा वाचणारा माणूस काचेखालचे बुडबुडे अंगठ्याने बाहेर ढकलत बसायचा. मी वर्षभर पलीकडच्या फुटपाथने गेले. एकदा धीर करून मोबाइल घेऊन समोर उभी राहिले. त्यांनी काच बसवली, उजेडात धरून दाखवली. “बुडबुडा नाही ना राहिला? बघून घ्या.”

“वैद्य, मला तुमच्याशी बोलायचंय,” मी म्हणाले.

“मागे लोक थांबलेत, ताई.”

मी वळून बघितलं. मागे एक माणूस होता. तोही झेरॉक्ससाठी आलेला.

त्याला सहा वर्षं झाली. मुलगी शिकली, नोकरीला लागली, तिने नवा लॅपटॉप घेतला. जुना मला दिला. मी त्यावर वीजबिलं भरते. गेल्या रविवारी तो घरघर करायला लागला. मुलगी घरी आली होती. म्हणाली, “आई, पंख्यात धूळ असेल. मी बघते.” स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिने खालचे स्क्रू काढले आणि वाटीत ठेवले. मी समोर भाजी निवडत होते. तिने झाकण उचललं आणि उजेडाकडे धरलं.

“अगं, हे काय आहे? कुणीतरी चिठ्ठी चिकटवलीय.”

मला बघायची गरज नव्हती. पण तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तारीख. आधीची मर्यादा, पासष्ट. नंतरची मर्यादा, पंचाहत्तर. करणारा, आणि वैद्यांचं पूर्ण नाव. मला वाटलं संपलं. चारच ओळी असायच्या.

“सांगणारा, काउंटरच्या ताई,” ती वाचत गेली. “साक्षीदार, कोणी नाही.”

माझ्या हातातली पेंढी तशीच राहिली. ती हसली. “पंखा पुसायला साक्षीदार कशाला लागतो गं? आणि काउंटरच्या ताई म्हणजे तूच ना? कोण होते हे?”

सांगायला हरकत नव्हती. मी कधीच कायम झाले होते, साहेब निवृत्त झाले होते, घरात आम्ही दोघीच होतो. कुणी काही काढून घेणार नव्हतं.

“असेल कुणी मेकॅनिक,” मी म्हणाले. “आता मला आठवत नाही.”

तिने ब्रशने पंख्यातली धूळ काढली, झाकण लावलं, एकेक स्क्रू घट्ट केला. मशीन सुरू केलं आणि मला जवळ बोलावलं. “बघ, आता आवाज नाही.” मी त्याच्या पाठीवर उलटा हात ठेवला. ते गार होतं.